भेकांचे मूळ आणि बरणीतली चिठ्ठी

मा. संपादक,

महोदय,

मादागास्करमधील परक्या भेकांचे (इंग्रजीत ‘टोड’, बेडकांचे खरखरीत कातडीचे भाऊबंद) मूळ डीएनएच्या आधारे कसे सापडले, यावरचा कालच्या अंकातील लेख मी दोनदा वाचला. हा विषय छापल्याबद्दल आपले आभार. परंतु ‘डीएनए तपासला आणि भेक कुठून आले ते कळले’ हे त्यातील वाक्य तेव्हापासून मनात सलते आहे. नुसता डीएनए तपासून असे काहीही कळत नाही. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावरील तोआमासिना बंदराच्या परिसरात 2014 मध्ये आढळलेल्या भेकांच्या मायटोकॉन्ड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांतील) डीएनए आशियातील भेकांच्या डीएनएशी ताडून पाहिला, तेव्हा तो कंबोडिया-व्हिएतनामकडच्या भेकांशी जुळला. ही जुळणी करता आली, कारण त्या त्या प्रदेशात कोणीतरी चिखल तुडवत भेक पकडले होते आणि त्यांचे नमुने ठिकाणाच्या नोंदीसह जपले होते. वरून सारखे दिसणारे हे भेक जनुकीयदृष्ट्या प्रदेशागणिक बरेच वेगळे आहेत. एखाद्या प्रदेशाचे नमुनेच नसतील, तर त्या प्रदेशाचे नाव निकालात येणार तरी कसे?

मी एकतीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. आमच्या विभागात आधीच्या पिढीतील शिक्षकांनी जमवलेल्या बेडूक-भेकांच्या दोनशेच्या आसपास बरण्या होत्या आणि प्रत्येक बरणीत जाड कागदाची चिठ्ठी होती: ओढ्याचे नाव, तारीख, पकडणाऱ्याची आद्याक्षरे, सारे पेन्सिलीने लिहिलेले, कारण शाई नमुने टिकवण्याच्या द्रवात विरघळते. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगकाम निघाले. परत येऊन पाहते, तर धुतलेल्या बरण्या ओट्यावर पालथ्या घातलेल्या. मोरीच्या जाळीला एकच चिठ्ठी चिकटून राहिली होती. तिच्यावरची तारीख वाचता येत होती, ठिकाण मात्र पुसले गेले होते. विचारले, तेव्हा ‘प्रात्यक्षिकाला लागत नाहीत, मग जागा कशाला अडवायची?’ असे उत्तर मिळाले. त्यांतल्या फॉर्मॅलिनमधल्या नमुन्यांतून डीएनए मिळवणे अवघड असते, हे मला ठाऊक आहे. पण निम्म्याहून अधिक नमुने अल्कोहोलमध्ये होते. ते गेले ते गेलेच, कारण त्यांतले कित्येक ओढेही आता उरलेले नाहीत.

मूळ वेळेवर न कळल्याने काय होते, याचे उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. नॉरफोकमधला ‘पूल फ्रॉग’ जातीचा बेडूक बाहेरून आणून सोडलेला समजला गेला आणि त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे जनुकीय तपासणीत तो स्कँडिनेव्हियातील बेडकांचा जवळचा नातलग, म्हणजे तिथलाच मूळचा रहिवासी ठरला. पण तोवर उशीर झाला होता. त्याचा तिथला वंश बुडाला आणि 2005 मध्ये स्वीडनहून बेडूक आणून सोडावे लागले. आपल्या लेखात यंत्रांचे वर्णन दोन रकाने आहे आणि नमुने जमवणाऱ्यांविषयी एक ओळही नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतचे छायाचित्र भेकाचे नाही. गुळगुळीत ओलसर कातडीचा आणि लांब मागच्या पायांचा तो बेडूक आहे. भेकाची कातडी कोरडी आणि चामखिळींनी भरलेली असते, शिवाय डोळ्यांमागे फुगीर विषग्रंथी ठळक दिसतात. कृपया उद्याच्या अंकात दुरुस्ती छापावी.

आपली,
प्राणिशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका