प्रदर्शनातील आपल्या सादरीकरणाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक संपर्क विभाग व प्रदर्शन विभाग

विषय : यंदाच्या गेम प्रदर्शनातील आपला मुख्य कार्यक्रम आणि दालनातील डेमो यांबाबत तक्रार व सूचना.

महोदय / महोदया,

मी गेली चौदा वर्षे आपल्या कंपनीचे गेम विकत घेऊन खेळत आहे. आपल्या साहसमालिकेचा पहिला भाग ज्या कन्सोलवर खेळले, तो कन्सोल आजही माझ्याकडे चालू स्थितीत आहे. त्याच मालिकेचा नवा भाग यंदाच्या प्रदर्शनात प्रथमच लोकांसमोर येणार असल्याचे कळल्यावर मी आणि माझा धाकटा भाऊ दोन दिवसांची रजा घेऊन, आगाऊ तिकिटे काढून तेथे आलो. पहिल्या दिवशी सभागृहातील आपला मुख्य कार्यक्रम पाहिला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या दालनात रांग लावून डेमो खेळलो. परत जाताना नव्या गेमबद्दल आम्हाला नेमके काय कळले, याचा हिशेब मांडू लागलो, तेव्हा हाती फारच थोडे लागले. ज्या गेमसाठी एवढा खटाटोप केला, तो गेमच आपल्या सादरीकरणात सर्वांत कमी दिसला, ही माझी मुख्य तक्रार आहे.

मुख्य कार्यक्रम सत्तर मिनिटांचा होता. त्यातील पहिली बावीस मिनिटे तीन अधिकाऱ्यांच्या भाषणांत गेली. कंपनीची वाटचाल, विक्रीचे आकडे, नव्या भागीदाऱ्या, आणि प्रत्येक भाषणाच्या शेवटी पुढील वक्त्याचे स्वागत, असे ते चालले होते. नमनाला घडाभर तेल म्हणतात तसाच हा प्रकार झाला. एके काळी अशा भाषणांना प्रयोजन होते, हे मी जाणते. १९९५ साली लॉस एंजेलिसला ई-थ्री हे प्रदर्शन सुरू झाले, तेव्हा ते विक्रेते, वितरक आणि पत्रकार यांच्यासाठी होते, आणि दुकानात किती माल भरायचा हे ठरवणाऱ्या माणसाला विक्रीचे आकडे हवेच असत. सर्वसामान्य खेळाडूंना तेथे तिकीट काढून प्रवेश मिळू लागला तो २०१७ साली. याउलट टोकियो गेम शोमध्ये व्यावसायिकांचे दिवस आणि लोकांचे दिवस वेगळे ठेवण्याची पद्धत आहे, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. आपण मात्र गुंतवणूकदारांसमोर करायचे भाषण तिकीट काढून आलेल्या खेळाडूंसमोर केले, त्यामुळे सभागृहातील लोक हळूहळू मोबाइलकडे वळले. माझ्या पुढच्या रांगेतील चौघांपैकी तिघांचे पडदे उजळलेले मला दिसत होते. एवढ्या उत्सुकतेने आलेली माणसे पंधराव्या मिनिटाला कंटाळली, याचा दोष त्यांना देता येणार नाही.

त्यानंतर ट्रेलर आला. तो तीन मिनिटे चाळीस सेकंदांचा होता आणि दिसायला अत्यंत देखणा होता, परंतु त्यात कोणी खेळत असल्याची एकही खूण नव्हती. पडद्याच्या तळाशी, बर्फाच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर, फिकट करड्या अक्षरांत ‘इंजिनमध्ये टिपलेली दृश्ये’ असे शब्द जेमतेम दोन सेकंद झळकले. मी सतराव्या रांगेत होते आणि मला ते वाचता आले नाहीत. दुसऱ्या दिवशी चित्रफीत थांबवून पाहिली, तेव्हा कळले. वाचता आले असते तरी त्या शब्दांतून सामान्य ग्राहकाला खरी गोष्ट कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. इंजिन म्हणजे गेमची दृश्ये घडवणारे सॉफ्टवेअर, पण इंजिनमध्ये टिपलेले दृश्य म्हणजे खेळताना दिसणारे दृश्य नव्हे. त्यात कॅमेरा आधी ठरवलेल्या वाटेने फिरवता येतो, शत्रूंनी स्वतःहून काही करण्याची गरज नसते, आणि एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, हवा तेवढा वेळ घेऊन तयार करता येते. कन्सोलला हे सारे सेकंदाच्या तिसाव्या किंवा साठाव्या भागात करावे लागते, आणि तेही कंट्रोलरवरील माझी बोटे कुठे वळतील हे आधी माहीत नसताना.

या बाबतीत ग्राहकांचे तोंड पूर्वीही पोळलेले आहे. २००५ च्या ई-थ्रीमध्ये ‘किलझोन’च्या पुढील भागाची जी चित्रफीत गाजली, ती प्रत्यक्ष खेळाची नव्हती, असे नंतर उघड झाले. २०१२ साली दाखवलेला ‘वॉच डॉग्ज’ आणि २०१४ साली हाती आलेला ‘वॉच डॉग्ज’ यांच्या दृश्यांतील फरकावर खेळाडूंनी प्रचंड नाराजी व्यक्त केली. ‘एलियन्स : कलोनियल मरीन्स’च्या बाबतीत तर ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेकडे तक्रार गेली आणि ट्रेलरमधील दृश्ये अंतिम गेमशी तंतोतंत जुळत नाहीत, अशी सूचना जोडण्याचे २०१३ साली प्रकाशकाला मान्य करावे लागले. आपल्या कंपनीवर मी फसवणुकीचा आरोप करत नाही. परंतु आपला गेम चांगला असेल, आणि तो तसा असावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, तर तो झाकून का ठेवायचा, हे मला कळत नाही. प्रत्येक चित्रफितीच्या आरंभी, वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, किमान पाच सेकंद, साध्या भाषेत लिहावे : हे प्रत्यक्ष खेळताना टिपले आहे की नाही, कोणत्या यंत्रावर टिपले आहे, आणि काम अपुरे असल्यास तेही.

रंगमंचावर प्रत्यक्ष खेळून दाखवताना काही बिघडेल, ही भीती मी समजू शकते. तरीही २०१५ च्या ई-थ्रीची आठवण येथे करून द्यावीशी वाटते. सोनीच्या कार्यक्रमात ‘अनचार्टेड ४’चे सादरीकरण सुरू झाले, पण कंट्रोलर प्रतिसाद देईना. नायक बाजारात जागच्या जागी उभा राहिला, आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागले. त्यानंतर जो पाठलाग दिसला, तो लोकांनी डोक्यावर घेतला. त्या अडखळण्याने कोणाचे नुकसान झाले नाही. उलट समोर जे चालले आहे ते खरोखर कोणीतरी खेळत आहे, याची प्रेक्षकांना खात्री पटली. पुढच्याच वर्षी ‘गॉड ऑफ वॉर’ने सोनीचा कार्यक्रम वाद्यवृंदाच्या साथीने उघडला, आणि त्यात बापलेकाची शिकार सलग दाखवली, मध्ये कोणाचेही भाषण नव्हते. आपल्याकडे असा दहा मिनिटांचा सलग भाग असेल, तर बाकीची साठ मिनिटे नसली तरी चालतील.

तारखांविषयीही लिहिणे भाग आहे. आपण पाच गेमच्या नावांपुढे ‘लवकरच’ असे लिहिले. त्यांतील एका नावापुढे हाच शब्द दोन वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनातही होता. निन्टेन्डोच्या ‘मेट्रॉइड प्राइम ४’चे केवळ बोधचिन्ह २०१७ साली दाखवण्यात आले, २०१९ च्या जानेवारीत काम नव्याने सुरू केल्याचे जाहीर झाले, आणि गेम हाती आला तो २०२५ च्या डिसेंबरमध्ये. काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करत असल्याचे निन्टेन्डोने उघडपणे सांगितले, हे मला आवडले होते, पण बोधचिन्ह दाखवण्याची घाई केली नसती, तर तीही वेळ आली नसती. याउलट ‘फॉलआउट ४’ची घोषणा २०१५ च्या जूनमध्ये झाली आणि त्याच वर्षी १० नोव्हेंबरला तो दुकानांत आला. ज्याची तारीख आपल्याला स्वतःलाच माहीत नाही, ते कृपया आमच्यासमोर आणू नये.

आता दालनाविषयी, कारण माझी खरी निराशा तेथे झाली. रांगेच्या तोंडाशी नव्वद मिनिटांचा फलक होता. प्रत्यक्षात आम्ही दोन तास चाळीस मिनिटे उभे होतो. बारा खेळजागांपैकी तीन बंद होत्या, आणि फलक लावताना त्या हिशेबात धरल्या नव्हत्या. वेळ ठरवून टोकन दिले असते, तर तेवढ्या वेळात आम्ही इतर दालने पाहून आलो असतो. आमची पाळी आल्यावर प्रत्येकी बारा मिनिटे मिळाली. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटे चालू झाले आणि लगेच एक प्रवेशदृश्य सुरू झाले, ते मध्येच सोडून पुढे जाण्याची सोय नव्हती. त्यात दोन मिनिटे गेली. मी नेहमी कॅमेऱ्याची उभी दिशा उलटी करून खेळते, म्हणजे कंट्रोलरवरील काडी खाली ओढली की नजर वर जाते. वर्षानुवर्षांची ही सवय बोटांतून एकदम जात नाही. सेटिंगचा मेनू उघडू लागले, तर तो कुलूपबंद होता. त्यामुळे पुढची कित्येक मिनिटे मी शत्रूऐवजी जमिनीकडे किंवा आकाशाकडे पाहत होते. त्यातच डेमो कथेच्या मध्यावरील एका मोठ्या लढाईपासून सुरू होत होता, ज्यात आकड्याने लोंबकळून पलीकडे जावे लागते, पण आकडा कोणत्या बटणाने निघतो हे सांगणारे साधे कार्डसुद्धा टेबलावर नव्हते.

माझ्या भावाला डाव्या कानाने ऐकू येत नाही. घरी तो आवाज मोनो करून, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून खेळतो. येथे मेनूच बंद असल्याने तो पर्याय त्याला मिळाला नाही, आणि सबटायटलही मुळात बंद ठेवलेली होती. त्या लढाईत डावीकडून येणाऱ्या शत्रूची चाहूल फक्त आवाजातून मिळते. तो सात वेळा त्याच ठिकाणी मरण पावला आणि सातव्यांदा त्याने हेडफोन काढून शांतपणे टेबलावर ठेवला, अजून तीन मिनिटे शिल्लक असताना. तेथील मदतनीस मुलगी अतिशय नम्र होती. तिने प्रामाणिकपणे सांगितले की तिला दोन दिवसांपूर्वीच या कामावर घेतले आहे आणि तिने स्वतः हा गेम खेळलेला नाही. तिच्याविषयी माझी कोणतीही तक्रार नाही, आणि या पत्रामुळे तिला बोल लागू नये, ही विनंती आहे. सबटायटल आरंभापासून चालू ठेवणे, कॅमेऱ्याची दिशा आणि मोनो आवाज हे दोन पर्याय खुले ठेवणे, घड्याळ प्रवेशदृश्य संपल्यावर सुरू करणे, एवढ्यासाठी फार मोठा खर्च येईल असे वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम नोंदवते. दालनाच्या मागच्या बाजूला, दोरीपाशी, आपल्या चमूतील एक ॲनिमेटर उभे होते. कोणी त्यांना तेथे नेमले होते असे दिसले नाही; बहुधा ते जेवणाच्या सुट्टीत आले असावेत. एका मुलाने त्यांना विचारले की नायिका बर्फात चालताना लंगडते का. त्यांनी सांगितले की, होय, मागील भागाच्या शेवटी तिच्या उजव्या घोट्याला जी इजा झाली, ती या भागातही आहे, म्हणून चढावर ती उजवा पाय आधी टाकत नाही आणि ओझे जास्त असेल तर थांबून हात गुडघ्यावर टेकवते. मग त्यांनी तेथेच चार पावले चालून दाखवली. आम्ही आठ-नऊ जण रांगेचा शीण विसरून ऐकत होतो. मी तो मागील भाग तीनदा संपवला आहे. त्या घोट्याची आठवण आपल्या कंपनीत कोणी एवढ्या ममतेने जपली आहे, हे ऐकून मला भरून आले. सत्तर मिनिटांच्या कार्यक्रमात याचा उल्लेखही नव्हता. या गृहस्थांना पडद्याशेजारी खुर्ची आणि माइक देऊन दिवसातून चार वेळा वीस-वीस मिनिटे बोलते केले असते, तर दालनातील सर्वांत मोठी गर्दी तेथे झाली असती.

आणखी दोन बाबी थोडक्यात. कार्यक्रमाच्या आरंभी जे पांढरे दिवे वेगाने उघडमीट करत होते, त्यांची पूर्वसूचना कोठेही नव्हती. वेबवरील सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा झळकणारे दृश्य टाळावे असे सांगितले आहे, आणि १९९७ साली जपानमध्ये पोकेमॉन कार्टूनचा एक भाग पाहताना शेकडो मुलांना त्रास झाला होता, हे या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे. दुसरे असे की घरून थेट प्रक्षेपण पाहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला पावसातील गुहेच्या दृश्यात केवळ चौकोनी ठिपके दिसले. अंधार आणि वेगाने पडणारे थेंब हे चित्र थेट प्रक्षेपणाच्या मर्यादित डेटात नीट बसत नाही. म्हणून तीच चित्रफीत उत्तम दर्जात त्याच क्षणी वेगळी उपलब्ध करून द्यावी.

निन्टेन्डोने २०११ पासून ध्वनिचित्रमुद्रित घोषणांची वाट धरली, आणि ई-थ्री कायमचे बंद झाल्याचे २०२३ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाले. ट्रेलर तर आता घरबसल्या पाहता येतो. प्रदर्शनाला माणूस येतो तो कंट्रोलर हातात घेण्यासाठी आणि गेम घडवणाऱ्या माणसांना भेटण्यासाठी. आपल्या दालनात या दोन्ही गोष्टींना सर्वांत कमी जागा मिळाली होती.

माझी तिकिटाच्या पैशांची मागणी नाही. पुढील प्रदर्शनाची आखणी सुरू होण्यापूर्वी डेमोतील सेटिंगचा मेनू, रांगेची टोकने आणि चित्रफितींवरील सूचना या तीन बाबींत आपण काय करणार आहात, ते मला लेखी कळवावे, ही विनंती. तसेच त्या ॲनिमेटर गृहस्थांपर्यंत आमचे आभार पोहोचवावेत. माझ्या भावाने त्यांच्यासाठी एक प्रश्न दिला आहे : नायिका शेवटच्या चढावर तो घोटा विसरून धावते का? उत्तर देणे शक्य नसेल, तर गेम येईपर्यंत थांबण्याची त्याची तयारी आहे.

आपली विश्वासू,
आपल्या कंपनीची एक जुनी ग्राहक