माचाची रेसिपी छापताना ग्रॅम लिहा आणि हिरव्या रंगाची बाटली बाजूला ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सणासाठीच्या गोड पदार्थांचं पान आलं होतं, त्यातल्या माचा केकच्या रेसिपीबद्दल लिहितेय (माचा म्हणजे सावलीत वाढवलेल्या चहाच्या पानांची बारीक जपानी पावडर). मी व्यावसायिक बेकर नाही, घरी हौस म्हणून करते, ऑर्डरी वगैरे घेत नाही, पण माचा गेली चारेक वर्षं सतत हाताळतेय आणि सण आला की घरात दोन-तीन तरी हिरवे पदार्थ होतातच, त्यामुळे ती रेसिपी वाचली आणि राहवलं नाही. त्यात लिहिलंय "२ चमचे माचा किंवा ग्रीन टी पावडर", पुढे एका लिंबाचा रस, मग १८० डिग्रीवर ४५ मिनिटं, आणि शेवटी "रंग फिका वाटल्यास हिरवा खायचा रंग ४ थेंब". मला या चारही गोष्टींबद्दल बोलायचंय, कारण पहिल्या तीन गोष्टी केल्या की चौथी करावीच लागते.

माझा पहिला माचा केक अगदी अशाच रेसिपीने केला होता. बॅटर इतकं सुंदर हिरवं झालं होतं की मी फोटो काढून सगळ्यांना पाठवला, आणि ओव्हनमधून बाहेर आलं ते वरून तपकिरी, कडेला करपट आणि कापल्यावर आत शेवाळी. चव म्हणाल तर नुसती कडू, त्यातही मधेमधे गुठळ्या, एक गुठळी दाताखाली आली की तोंड वाकडं. सणाचा दिवस, घर माणसांनी भरलेलं, सगळ्यांनी एकेक तुकडा घेतला आणि कौतुकाने संपवला पण दुसरा कोणी मागितला नाही. त्या दिवशी घरात सगळ्यांचं मत पक्कं झालं की माचा म्हणजे गवत, आणि ते मत बदलायला मला पुढे दोन वर्षं लागली. म्हणून सांगते, चुकीची रेसिपी छापली की नुसता एक केक बिघडत नाही, एवढा छान पदार्थ त्या घरातून कायमचा जातो.

आधी चमच्याचं. माचा ही इतकी बारीक पावडर असते (कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचे, बोटावर घेतली तर आयशॅडोसारखी लागते) की ती डब्यात दबून बसते आणि चमच्यात किती आली ते डोळ्याला कळत नाही. माझ्या घरच्या लहान चमच्याने सपाट भरून घेतली तर २ ग्रॅम येते, तोच चमचा शिगोशीग भरला तर ४ ग्रॅमपर्यंत जाते, आणि रेसिपीत तर चमचा लहान की मोठा हेही लिहिलेलं नव्हतं. म्हणजे एका घरी ४ ग्रॅम पडणार आणि दुसऱ्या घरी १५. मैद्यात थोडं कमीजास्त झालं तर केक सांभाळून घेतो, माचा नाही सांभाळून घेत. मी १०० ग्रॅम मैद्याला ५ ग्रॅम धरते, कुकीजना थोडी जास्त चालते कारण बटर भरपूर असतं आणि बटर कडूपणा गोल करतं. अजून एक, नेहमीच्या किचन स्केलवर २-३ ग्रॅम ठेवले तर काटा हलत नाही बऱ्याचदा, त्यामुळे आधी वाटीत मैदा ठेवून त्यात माचा टाकायची असं न करता दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा घ्यावा, हे एक वाक्य रेसिपीत आलं तरी खूप होईल.

आता ते "किंवा ग्रीन टी पावडर". हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण ग्रीन टी वाळवून दळला की माचा होत नाही. माचासाठी चहाच्या झाडांवर तोडणीच्या आधी साधारण ३-४ आठवडे सावली धरतात, सावलीत पानात क्लोरोफिल म्हणजे हिरवं रंगद्रव्य वाढतं, गोडसर चव देणारं थिअनिन टिकून राहतं आणि तुरट घटक कमी राहतात, म्हणून ती गडद हिरवी आणि गोडसर होतात. मग पानं वाफवतात, न वळता वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात, उरतं त्याला तेंचा म्हणतात, आणि तो तेंचा दगडी जात्यावर दळला की माचा. जातं हळूहळू फिरवतात, नाहीतर गरम होऊन वास जातो, आणि एका जात्यातून तासाला ३०-४० ग्रॅमच निघतो. म्हणजे आपल्याकडे येणारा छोटा डबा हे एका जात्याचं तासाभराचं काम! (स्वयंपाकाला म्हणून जो माचा विकतात तो पुष्कळदा मशीनवर दळलेला असतो, बेकिंगला तो चालतो, त्यात काही वाईट नाही.) साधी ग्रीन टी पावडर पिवळट, भरड आणि तुरट असते. पांढऱ्या कागदावर चिमूटभर ठेवून बोटाने ओढा, माचा एकसंध हिरवी रेघ सोडतो आणि दुसरी कणाकणाने तुटते, लगेच कळतं. आणि डब्यावर सेरेमोनिअल (नुसता पिण्यासाठीचा) लिहिलंय की कलिनरी (स्वयंपाकासाठीचा) यावर फार जाऊ नका असंही छापा, या शब्दांची जपानात कुठली कायदेशीर व्याख्या नाही, विकणारा ठरवतो. रंग, वास आणि दळल्याची तारीख बघावी.

जपानमध्ये एइसाई नावाच्या भिक्खूने ११९१ मध्ये चीनहून चहाचं बी आणि पावडर करून घुसळून प्यायची पद्धत आणली असं मानतात, नंतर १२११ मध्ये चहावर पुस्तकही लिहिलं, उजी आणि निशिओ ही गावं आजही माचासाठीच ओळखली जातात. एवढ्या शतकांच्या मेहनतीची गोष्ट आपण "किंवा" लिहून बाजूला सारतो. त्यात २०२४ च्या शेवटी मागणी इतकी वाढली की क्योटोच्या जुन्या चहा कंपन्यांनी एका माणसाला किती डबे द्यायचे यावर मर्यादा घातली. असा माल हातात आलेला असताना तो ४५ मिनिटं भाजून मग वर रंग ओतणं मला पटत नाही.

आणि लिंबू! हे तर सगळ्यात महत्त्वाचं. माचाचा हिरवा रंग म्हणजे क्लोरोफिल, त्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो, उष्णता आणि आंबट एकत्र आलं की तो मॅग्नेशियम निसटतो, त्याच्या जागी हायड्रोजन येतो आणि रंग शेवाळी होतो. हिरवी भाजी फार वेळ शिजवली की कशी मरते, तेच. म्हणजे त्या रेसिपीत लिंबाचा रस घालून रंग मारलाय, जास्त वेळ भाजून उरलासुरला मारलाय आणि मग बाटलीतला रंग घालायला सांगितलंय. मग सोडा घालून रंग वाचवू असं कुणाला वाटेल, मीही करून बघितलंय, सोडा जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि वरचा थर उलट लवकर तपकिरी होतो. त्यापेक्षा लिंबू काढून टाकावं, ताकाऐवजी दूध घ्यावं आणि बेकिंग पावडरवर भागवावं. आयसिंगलाही तेच, पिठीसाखर आणि माचा दुधात कालवली तर आयसिंग हिरवंगार राहतं, लिंबाच्या रसात कालवली तर थोड्या वेळात मळकट. स्ट्रॉबेरी माचाबरोबर फार छान लागते पण तिचा पल्प क्रीममध्ये ढवळू नका, मातकट रंग येतो, वेगळा थर द्या.

ओव्हनचं सांगायचं तर केकच्या आत तापमान १०० डिग्रीच्या वर जात नाही, म्हणून आतला भाग वरच्यापेक्षा हिरवा राहतो, बिघडतं ते साल. मी १६० वर ठेवते आणि वरचा थर बसला की फॉइल सैलसर झाकते. त्याहून चांगलं म्हणजे जाड केक करूच नये, पातळ शीट करून स्विस रोल करावा, १०-१२ मिनिटांत बाहेर येतो, कापला की हिरवं आणि पांढरं गोल गोल दिसतं, सणाच्या टेबलावर त्याच्याइतकं सुंदर दुसरं काही नसतं असं माझं मत आहे.

आणि खरं सांगू का, सणासाठी माचा करायचा तर ओव्हनच कशाला पेटवायचा? व्हाइट चॉकलेटचं गनाश करा, ३ भाग चॉकलेट १ भाग क्रीम वजनाने, क्रीम गरम करून चॉकलेटवर ओता आणि कोमट झालं की माचा. चॉकलेट फार तापवू नका, व्हाइट चॉकलेट पटकन करपतं. इथे माचा कसा घालायचा ते मी नीट लिहिते कारण गुठळ्या इथेच होतात. आधी चहाच्या गाळणीतून चमच्याच्या पाठीने दाबत चाळायचा, गाळणीखाली हिरवा धूर पडल्यासारखं दिसतं, मग त्या चाळलेल्या माचात चमचाभर कोमट क्रीम घालून आधी चकचकीत पेस्ट करायची आणि ती पेस्ट बाकीच्यात मिसळायची. कोरडा माचा थेट ओल्यात टाकला की गुठळ्या झाल्याच, मग कितीही घोटा. हे गनाश फ्रिजमध्ये घट्ट झालं की तळहातावर गोळे (म्हणजेच ट्रफल) वळायचे आणि माचात घोळवायचे, पण घोळवायचं काम पाहुणे यायच्या अगदी आधी, कारण माचा ओल ओढून घेतो आणि तासाभरात वरचं मखमल जाऊन ओले गडद डाग पडतात. तिरामिसूवर (क्रीमचा थर असलेलं इटालियन डेझर्ट) भुरभुरायचा असेल तरी तेच, बाउल टेबलावर न्यायच्या आधी.

साठवणीबद्दलही दोन ओळी असाव्यात. हवा, उजेड, ओल आणि वास हे चारही माचाला चालत नाहीत. डबा हवाबंद आणि फ्रिजमध्ये, पण फ्रिजमधून काढल्यावर लगेच उघडायचा नाही, खोलीच्या तापमानाला आला की मगच, नाहीतर आत दव धरतं आणि उरलेल्या माचाचे गोळे होतात. माझा अर्धा डबा असाच गेलाय. आणि लहान मुलांच्या ताटात वाढताना सांगावं की यात कॅफिन आहे, १ ग्रॅममध्ये साधारण ३० मिलिग्रॅमच्या आसपास, पावडरप्रमाणे कमीजास्त. एका तुकड्याने काही होत नाही पण रात्रीच्या जेवणानंतर मुलांनी पाच-सहा ट्रफल खाल्ले तर झोपेचं खोबरं होणार, आईवडिलांना आधी माहीत असलेलं बरं.

पानावर जागा कमी असते हे कळतं मला. फोटो थोडा लहान करा हवं तर, पण ग्रॅम छापा, कुठली पावडर ते स्पष्ट छापा आणि ओव्हनमध्ये रंग थोडा उतरणारच हे वाचकाला आधीच सांगा, म्हणजे तो घाबरून बाटली उघडणार नाही. पुढच्या वेळी ज्यांना पहिल्यांदाच करून बघायचंय त्यांच्यासाठी माझं शॉर्टब्रेडचं माप देते, हवं तर हेच छापा. १५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम मऊ बटर, ५० ग्रॅम पिठीसाखर, ८ ग्रॅम माचा, चिमूटभर मीठ. मैदा आणि माचा एकत्र दोनदा चाळायचं, बटर-साखर फेटून त्यात मिसळायचं, गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये, मग अर्धा सेंटिमीटर जाड लाटून कापायचं आणि १५० डिग्रीवर १८ ते २० मिनिटं. कडा तपकिरी व्हायची वाट बघू नका. बाहेर काढताना कुकी मऊच लागेल, कच्ची राहिली असं वाटेल, पण ट्रेवरच गार होऊ द्या, खुसखुशीत होते.

आपली,
एक वाचक आणि हौशी बेकर