पन्नास हजार आले आणि चिवडा तसाच राहिला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्याकडे छोट्या धंदेवाल्यांनी ऑनलाइन यावं असा लेख आला होता, त्यात जाताजाता एक वाक्य होतं की साइटवर ट्रॅफिक, म्हणजे बघायला येणारी माणसं, स्वस्तात विकत मिळतं, म्हणून लिहितोय. मिळतं हो, पण घेऊ नका, मी घेऊन बसलोय.

आमचं बडोद्याच्या दांडिया बाजारात घरगुती काम आहे, वहिनी लीलो चिवडो (ओला चिवडा) आणि भाकरवडी करते, मी पॅकिंग न हिशोब बघतो. दिवाळीआधी साइट बनवली पण तिच्याकडे कुत्रं फिरकेना. मग भाच्याने पॉप-अंडरवालं एक नेटवर्क शोधून दिलं, हजार व्हिजिटला साठ रुपये. तीन हजार भरले, म्हणजे पन्नास हजार माणसं! नवरात्रात गरब्याच्या ग्राउंडवर दिसते तेवढी गर्दी आपल्या दुकानात, असं वाटून मी पाकिटं पण जास्तीची आणून ठेवली.

हे पॉप-अंडर चालतं कसं ते नंतर कळलं. माणूस दुसरीच साइट बघत असतो, बहुतेक फुकट पिक्चरची नाहीतर सट्ट्याची, आणि स्क्रीनवर कुठेही बोट लावलं की मागे गुपचूप आमचं पान उघडतं. ब्राउझर आपणहून विंडो उघडू देत नाही, टच केला तर देतो, म्हणून तो टचच चोरायचा. त्यांच्या पॅनलवर पन्नास हजार पूर्ण दिसले, साइटवर कोण आलं ते मोजणाऱ्या आमच्या अ‍ॅनालिटिक्समधे एकतीस हजार, कारण बाकीच्यांनी पान लोड व्हायच्या आतच बंद केलं. जे मोजले गेले ते सरासरी दोन सेकंद थांबले. दोन सेकंदात चिवड्याचा फोटो तरी दिसतो का? ऑर्डर शून्य. व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज मात्र आला, "भाई, आ बंध केवी रीते थाय?", म्हणजे हे बंद कसं होतं?

त्याहून वाईट म्हणजे रावपुऱ्यातल्या एक काकू, बारा वर्षांचं गिऱ्हाईक, फोन करून म्हणाल्या की नातवाच्या मोबाइलवर कसल्यातरी घाणेरड्या साइटच्या मागून तुमचा चिवडा निघाला. वहिनीला मी दोन दिवस सांगितलंच नाही.

गंमत बघा, पॉप-अपचा, म्हणजे वेगळ्या विंडोत आपोआप उघडणाऱ्या जाहिरातीचा, कोड लिहिणाऱ्यांपैकी एक एथन झुकरमन, त्याने 2014 मधे लेख लिहून लोकांची माफी मागितली. एका कार कंपनीची जाहिरात अश्लील पानावर दिसली आणि कंपनी भडकली, म्हणून यांनी जाहिरात वेगळ्या विंडोत टाकली, की दोन्हीचा संबंध दिसू नये. आणि आमचा चिवडा त्याच वेगळ्या विंडोने जाऊन तिथेच चिकटला.

हिशोब साधा आहे, पाकिटामागे तीस रुपये सुटतात, तीन हजार वसूल व्हायला शंभर पाकिटं, म्हणजे पाचशेत एकाने तरी घ्यायला हवं होतं. सट्टेवाल्यांना परवडत असेल, लाखात एक सापडला तरी त्यांचं भागतं. आमचं तसं नाही. त्याच महिन्यात पेपरवाल्याला हजार पत्रकं घालायला दिली होती, छपाई धरून निम्म्याहून कमी खर्च, अकरा फोन आले, सात जणांनी माल नेला, त्यातले दोघं अजून नेतात. पत्रकाला फरसाणचं तेल पुसलं तरी चालतं, पण ते हातात तरी घेतलं जातं.

आता थोडं तुमच्याबद्दल, राग मानू नका. तुमच्याच साइटवर बातमी उघडली की वर जाहिरात येऊन बसते, बंद करायची फुली एवढीशी की वहिनीचं बोट दर वेळी जाहिरातीवरच पडतं. मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या अशा पानांना सर्चमधे खाली ढकलू असं गुगलने जानेवारी 2017 पासूनच सांगितलंय, तेव्हा जरा बघा.

भाचा म्हणतो पुढच्या वेळी हजाराला दीडशेवालं पॅकेज घेऊ, त्यात माणसं खरी असतात. मी विचारलं, मग ही कोण होती?

एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदा