वागेनिंगेनला जाण्यापूर्वी आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

वागेनिंगेन विद्यापीठातील पीएच.डी.ची जागा मी स्वीकारली असून सप्टेंबरात नेदरलँड्सला रुजू व्हायचे आहे. तिथे मला दरमहा पगार मिळणार आहे, त्यामुळे कर्ज नाही आणि सातबाऱ्यावर बोजाही नाही.

बाबा, कृषी पदवीधर मुलीने कृषी अधिकारी व्हायचे सोडून गावांचा अभ्यास कशाला करायचा, असे तुम्ही म्हणणारच. आपल्या आणि काकांच्या शेतात एकच बांध, माती तीच, कालवा तोच आणि कारखानाही तोच. तरी काकांनी सगळे रान उसाखाली घातले आणि तुम्ही हरभरा, सोयाबीन व दारातल्या म्हशी कधी सोडल्या नाहीत. याचे कारण मी तुमच्या खांद्यावर बसून विचारत असे, आणि तुम्ही नुसते हसत असा. वागेनिंगेनला १९४६ मध्ये ग्रामीण समाजशास्त्राचा विभाग उभा करणारे हॉफस्टे हेच विचारत होते, की जमीन आणि बाजार सारखा असूनही शेतकरी वेगवेगळ्या तऱ्हेने शेती का करतात. आपल्याकडेही पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागरच्या जमिनीच्या बारीक तुकड्यांची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली; दादाचा फ्लॅट आज त्याच शिवारावर उभा आहे, हे त्याला सांगितले तर खरे वाटत नाही.

माझा विषय ऊसतोडीचा आहे. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला बीडकडून येणारे नवरा-बायको ‘एक कोयता’ म्हणून मोजले जातात, आणि शेतकऱ्याच्या शेतीच्या तऱ्हेनुसार त्यांचे काम कसे बदलते, हे मला पाहायचे आहे. म्हणजे गळीत हंगामात मी आपल्याच भागातल्या फडांवर असणार आणि जेवायला घरी येणार.

आई, तू थंडीची काळजी करू नकोस. खोली उबदार आहे, कुकर आणि तुझी भाजणी सोबत नेते आहे. मात्र साखरेची गोळी उपासाच्या दिवशी चुकवायची असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचे. बाबांनी रात्रीची लाइट आली म्हणून एकट्याने पिकाला पाणी द्यायला, दारे धरायला जायचे नाही. गड्याला पाठवा, त्याची मजुरी मी देईन. गुडघ्याचा एक्स-रे याच महिन्यात काढून घ्या, दादाला मी सांगितले आहे. तुमच्याने होत नाही असे मला मुळीच म्हणायचे नाही, बाबा. तिथे मला नीट झोप लागावी, एवढ्याचसाठी हे ऐका.

तुमची,
सुमी