बोलावलं तिथं सगळीकडे जायचं नाही बेटा

प्रिय बेटा,

फोनवर तू कायम घाईत असते, म्हणून हे लिहून राहिलो, रात्री निवांत वाच. आधी हे की रेडिओवरचा तुझा इंटरव्ह्यू आम्ही सगळ्यांनी ऐकला, आजीनं तर मोबाईल कानाला लावून ऐकला. नागपूर आकाशवाणी 1948 ला सुरू झाली तेव्हा ती लहान पोट्टी होती, आता तिथं नात बोलते म्हणून वाड्यातल्या सगळ्यांना सांगून आली. त्या बाईंनी विचारलं ना, कविता की सिनेमा, एक काय ते निवडा, तिथं तू गडबडली असं मला वाटलं. काऊन निवडायचं? नागराज मंजुळेचा कवितासंग्रह आधी आला, मोठे सिनेमे नंतर, आणि 'झुंड'चं शूटिंग तर आपल्या नागपुरातच झालं. दोन्ही करते, एवढंच सांगायचं आणि पुढचा प्रश्न घ्यायचा.

आता प्रदर्शनाचं. इतकी वर्षं फ्रेमा करून राहिलो म्हणून बोलतो, रागावू नको. फोटो छान होते, तुझ्या फिल्ममधला तो विहिरीच्या काठाचा फोटो तर मी उभा राहून कितीदा पाह्यला. पण कविता फोटोच्या खाली लावल्या, अक्षर बारीक, म्हातारी माणसं कंबरेत वाकून वाचत होती आणि दोन ओळी वाचून पुढं जात होती. कविता डोळ्यासमोर पाहिजे, कागदाचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या जरा खाली आला की उंच, बुटका सगळ्यांना जमते. दुसरं म्हणजे एप्रिलचं नागपूर, हॉलमध्ये दोन कूलर, त्याची ओल कागदात जाते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कवितांच्या कागदांना लाटा आल्या होत्या ते तू पाह्यलं असशील. काच आणि कागद चिकटून ठेवायचे नाही, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, टाकायचा, आणि कूलरची हवा फोटो-कविता लावलेल्या भिंतीवर सोडायची नाही. फिल्म पण त्याच हॉलमध्ये ट्यूबलाइटच्या उजेडात दाखवली, पडद्यावर नुसतं पांढरं दिसत होतं, आणि तिकडचा आवाज इकडं कविता वाचणाऱ्याच्या अंगावर. पुढच्या वेळी काळे पडदे लावून वेगळी खोली माग, नाही म्हणाले तर फिल्म दाखवू नको.

पोट्ट्यांच्या फिल्म वर्कशॉपबद्दल मात्र मला काहीच दुरुस्ती सांगायची नाही. तू त्यांना मोबाईल आडवा धरायला लावला, दुरून एक, मधून एक, जवळून एक असे तीन शॉट घ्यायला सांगितले आणि बाजूला झाली, भाषण नाही काही नाही. वाडीच्या त्या पोट्टीनं बापाची चार्जिंगला लावलेली ई-रिक्षा शूट केली, अंधारात चार्जरचा लाल दिवा आणि बापाचं घोरणं, बस एवढंच, आणि सगळी खोली चूप. तिचा बाप मागं उभा होता, त्यानं डोळे पुसले. मला त्या दिवशी तुझा जेवढा अभिमान वाटला तेवढा पेपरात फोटो आला तेव्हाही नाही वाटला, हे अगदी मनापासून सांगतो.

म्हणूनच म्हणतो की सगळीकडे जाऊ नको. वर्कशॉपला जा, मानधन घेऊन जा, गाडीभाडं वेगळं. हॉलवाला, मांडववाला, चहावाला सगळ्यांना पैसे मिळतात आणि कवीला शाल आणि श्रीफळ, हे मला पटत नाही. सत्कार, चॅनलवाल्यांच्या चर्चा, कोणाच्याही स्टेजवर दोन मिनिटं, हे कमी कर. दिवाळीपासून तू एक नवी कविता वाचून दाखवली नाही. आधी रात्री साडेअकराला फोन करून ऐकवायची, तुझी आई झोपेतून उठून ऐकायची. कवी ग्रेसांना साहित्य अकादमी मिळाली 2011 मध्ये, वय 74, तोवर माणूस लिहीत होता. तुला कोणाची घाई आहे?

आणि कागदाचं बघ. त्या पुरवणीत तुझी कविता नावाशिवाय छापली, तू सोडून दिलं, मला झोप नाही आली. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कविता लिहिणाऱ्याची असते, हयातभर आणि नंतर 60 वर्षं, आणि नाव टाकायला लावायचा हक्क तर कविता विकली तरी तुझ्याकडंच राहते. फिल्मचं उलटं आहे, कायद्यानं फिल्म निर्मात्याची, दिग्दर्शकाची नाही. नव्या फिल्ममध्ये तुझ्या कविता आहेत ना, तर करारात स्पष्ट लिहून घे की फिल्ममध्ये वापरायला दिल्या, हक्क माझ्याकडेच. हॉलमध्ये पब्लिकला दाखवायची तर 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सेन्सरचं सर्टिफिकेट पण लागते, फेस्टिवलला सूट मिळते ती त्या फेस्टिवलपुरती, तेव्हा ते कोण काढणार, खर्च कोणाचा, हेही त्याच कागदावर येऊ दे.

करार आला की सही करायच्या आधी मला पाठव, माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, त्यांना दाखवतो. ते मंगळवार सोडून रोज सातनंतर घरी भेटतात.

तुझा,
बाबा