ताई, तुम्ही प्रश्न दादालाच विचारलात

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

"किती छान सांभाळतात हो त्या ताई तुमच्या भावाला," असं लोक मला म्हणतात. हे वाक्य तुम्हाला आवडत नाही, हे मला माहीत आहे. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. ज्यांच्या घरात आमच्या दादासारखं बौद्धिक अक्षमता असलेलं मोठं माणूस आहे, त्यांनीही ते वाचावं.

दादाला स्वतःच्या घरात राहता यावं म्हणून त्याच्या मदतनीस म्हणून तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा आई जाडजूड फाईल मांडीवर घेऊन बसली होती. लहानपणापासूनचे रिपोर्ट, बुद्ध्यांकाचा दाखला, गोळ्यांची यादी. तुम्ही दादाकडे वळून विचारलंत, "सकाळी उठल्या उठल्या कोणी बोललेलं तुम्हाला चालतं का?" आईने सवयीने उत्तर द्यायला सुरुवात केली. तुम्ही तिचं शांतपणे ऐकून घेतलंत आणि पुन्हा दादाकडे बघत थांबलात. दादाला वाक्य जुळवायला वेळ लागतो. एवढा वेळ सहसा कोणी देत नाही, मधेच कोणीतरी शब्द पुरवतं. तुम्ही पुरवला नाहीत. "नाही. आधी रेडिओ," तो म्हणाला. सकाळी सगळे एकदम बोलतात अशा घरात हे कोणाला कळणार होतं!

स्वतंत्र राहणं म्हणजे सगळं एकट्याने करणं, अशीच बहुतेकांची समजूत असते. तुम्ही कामांची यादी करून दाखवलीत तेव्हा चित्र वेगळंच निघालं. साफसफाई आणि अंघोळ-कपडे यांत दादाला कोणाची गरज नाही. पैसे आणि घड्याळ इथे तो अडकतो. म्हणजे मदत तिथेच, दिवसभर डोक्यावर बसून नाही. दुसरी एक गोष्ट तुम्ही आग्रहाने करून घेतलीत आणि तिचं महत्त्व आम्हाला हळूहळू कळलं: भाडेकरार दादाच्या नावावर आणि मदतनिसांची व्यवस्था त्यापासून पूर्ण वेगळी. मदत देणारी संस्था बदलली, तिच्याशी खटका उडाला, तरी दादाचं घर जाणार नाही. जिथे छप्पर आणि काळजी एकाच हातात असते, तिथे तक्रार करायची तर माणूस दहादा विचार करतो. कुठे आणि कोणाबरोबर राहायचं हे अपंग व्यक्तीने इतरांसारखंच स्वतः निवडायचं असतं, हे संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारातल्या एकोणिसाव्या कलमात लिहिलेलं आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं. दादाने खोलीच्या दारावर एकोणीस हा आकडा चिकटवला आहे. पोस्टमन बिचारा गोंधळतो.

शिकवण्याची तुमची पद्धत मला फार आवडली. वॉशिंग मशीनचंच घ्या. आपण कोणीही पहिल्या बटणापासून सुरुवात केली असती. तुम्ही शेवटापासून केलीत. आधीचं सगळं तुम्ही करायचात, आणि धुतलेले कपडे बाहेर काढून दोरीवर टाकायचं तेवढं दादाचं. मग मशीन बंद करणंही त्याचं. मग त्याच्या आधीची पायरी. त्यामुळे रोज काम पुरं झाल्याचा आनंद त्यालाच मिळायचा, अर्धवट सोडून उठायची वेळ कधी आलीच नाही. भिंतीवर लावलेले फोटोही त्याच्याच मशीनचे, त्याच्याच बोटाचे. छापील चित्रांतलं बटण निळं असतं आणि याचं करडं, एवढ्यावरही तो थबकतो, हे तुमच्या लक्षात आलं होतं. आणि तुमचा हात? आधी त्याच्या हातावर, मग बटणाकडे बोट, मग नुसती नजर, आणि एक दिवस तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन बसलात.

त्या 'मित्रा'चं प्रकरण मात्र मला आजही आठवलं की राग येतो. गोड बोलून दर आठवड्याला उसने पैसे नेणारा. माझं मत सरळ होतं: दादाचं कार्ड काढून घ्या, भेटीगाठी बंद. तुम्ही माझ्याशी वाद घातला नाहीत. दादाबरोबर बसून दोन रकाने आखलेत, 'मी त्याला काय दिलं' आणि 'त्याने मला काय दिलं'. दुसरा रकाना रिकामा राहिला. दादा बराच वेळ त्याकडे बघत होता. पुढच्या वेळी त्याने दारातूनच सांगितलं, "आज पैसे नाहीत, गप्पा मारायच्या तर ये." तो माणूस परत फिरकला नाही. कार्ड दादाकडेच राहिलं. आठवड्याच्या खर्चाची मर्यादा त्याने स्वतः बँकेत जाऊन घालून घेतली. धोका पत्करण्यातही माणसाचा मान असतो, हे बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी काम करणारे अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्स्की यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं, असं तुम्ही तेव्हा म्हणाला होतात. मला ते पुस्तकी वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं, खरं सांगते; धोका दुसऱ्याच्या भावाचा असला की पटायला सोपं जातं. पण दादाच्या बाबतीत तुमचंच बरोबर ठरलं.

आणि ते दाढदुखीचं. दादा चिडचिड करायला लागला, डोकं भिंतीवर आपटायला लागला. एका डॉक्टरांनी न तपासता सांगितलं, "अशा मुलांचं असंच असतं." मुलगा! चौतीस वर्षांचा. तुमच्या वहीत मात्र नोंद होती: डाव्या बाजूने चावत नाही, थंड पाणी नको म्हणतो, रात्री गालाखाली हात. ती वही दाखवली तेव्हा कुठे दुसऱ्या डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं. दुखणं अक्षमतेच्या खात्यावर टाकून मोकळं होण्याची ही सवय किती जणांना महागात पडत असेल!

आईबाबांच्या तोंडी पूर्वी एकच वाक्य असायचं, "आमच्या माघारी याचं काय?" ते अजून थांबलेलं नाही, थांबणारही नाही. पण आता ते दोघं धडधाकट असतानाच दादाचं घर मार्गी लागलं आहे आणि काही चुकलं तर सुधारायला सगळे हाताशी आहेत.

तुमची बदली झाल्याचं दादाने सांगितलं. नवीन मदतनिसाची मुलाखत तोच घेणार आहे, तुम्ही तसं ठरवूनच दिलंत म्हणे. प्रश्न त्याने मला फोनवर वाचून दाखवले. दार वाजवून येशील का? माझ्याबद्दल माझ्यासमोर दुसऱ्याशी बोलशील का? रेडिओ बंद करशील का? पहिले दोन उमेदवार त्याने नापास केले आहेत. तिसरा बुधवारी येतोय.

तुमची ऋणी,
दादाची धाकटी बहीण