मिस, तुम्ही जिन्यात बसलात

प्रिय मिस,

लेकीच्या पियानोच्या परीक्षेचा निकाल कळला त्या दिवशी फोनवर 'थँक यू' म्हणाले आणि गळा दाटून आला म्हणून फोन ठेवला. जे राहिलं ते आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझी लेक पियानोवरचं कापडसुद्धा काढत नव्हती. चौथ्या ग्रेडला ती चार गुणांनी राहिली होती. तीन पीसेसमध्ये, म्हणजे तयार करून वाजवायच्या रचनांमध्ये, ९० पैकी ७६, पण स्केल्स (सुरावली), साइट रीडिंग (नवी नोटेशन बघून लगेच वाजवणं) आणि ऑरल (ऐकून गाऊन दाखवणं वगैरे) मिळून ६० पैकी २०. अनोळखी परीक्षकापुढे गाऊन दाखवायचं म्हटलं की तिच्या तोंडून सूरच फुटत नाही. आधीच्या क्लासमध्ये हे वर्षभर दिसत होतं. तरी शेवटी सगळ्या मुलांसमोर काय ऐकवलं, तर "हिला कानच नाही." बारा वर्षांच्या मुलीला! तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही पहिल्या दिवशी तिचं काहीच तपासलं नाहीत. "तुला आवडतं ते वाजव," एवढंच म्हणालात आणि डोळे मिटून ऐकत बसलात. मग मला एबीआरएसएमच्या, म्हणजे या ग्रेड परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या, परफॉर्मन्स ग्रेडबद्दल सांगितलंत. ही परीक्षा २०२० पासून आहे, पण त्या क्लासने कधी नावही काढलं नव्हतं. फक्त चार पीसेस रेकॉर्ड करून पाठवायचे, स्केल्स, साइट रीडिंग, ऑरल काही नाही; त्यातला एक पीस मुलीच्या पसंतीचा. प्रत्येकाला ३० गुण, आणि उरलेले ३० सगळा कार्यक्रम मिळून कसा रंगला याचे. घरातलेच काही जण पळवाट म्हणाले. पळवाट कसली? चारही पीसेस एकाच रेकॉर्डिंगमध्ये सलग, कुठे काटछाट नाही. दुसऱ्यात बोट घसरलं तर ते विसरून तिसरा वाजवायचा. ग्रेडचा दर्जाही तोच. शिवाय स्केल्स तुम्ही सोडल्या नाहीतच, फक्त त्या पीसेसमधूनच करून घेतल्यात.

पण मला सांगायचंय ते रेकॉर्डिंगच्या दुपारबद्दल. मे महिना, आवाज नको म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. तिसरा पीस छान चालला होता आणि दाराची बेल वाजली. सगळं पुन्हा पहिल्यापासून. लेक रडकुंडीला आली. तुम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवलात, पर्स उचललीत आणि काही न बोलता बाहेर गेलात. मला वाटलं, कंटाळून निघालात.

शेवटचा सूर विरला, मी मोबाइल बंद केला आणि दार उघडलं. तुम्ही जिन्याच्या पायरीवर बसला होतात, दुखरा गुडघा लांब करून, पदराने वारा घेत. एक पायरी खाली कुरियरवाला, पार्सल मांडीवर घेऊन, गप्प. तुम्ही त्याला ओठांवर बोट ठेवून थांबवलं होतंत, आणि तोही थांबला होता.

फी महिन्याची ठरलेली असते मिस, जिन्यात बसण्याची कुठे ठरलेली असते? आणि त्या मुलाला तर अजून दहा घरं करायची होती. अशी माणसं या शहरात भेटतात, म्हणून इथे मुलं वाढवायचा धीर होतो.

लेकीला १५० पैकी १२७ गुण मिळाले, मेरिट, म्हणजे नुसत्या पासच्या वरची श्रेणी. त्या कुरियरवाल्यालाही मी सांगितलं. त्याने विचारलं, "तो शेवटचा कोणता होता?" तोच तिच्या पसंतीचा.

या रविवारी जेवायला याच. दादरच्या या जुन्या इमारतीत लिफ्ट नाही, पण दुसऱ्या मजल्यावर तुमच्यासाठी खुर्ची ठेवते आहे.

तुमची,
एक आई